बोटीवरचा स्नेहमेळावा

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू इतकी वर्षं क्रूझवर होतास, तिथल्या गमतीजमती सांग. दहा मिनिटं, जास्त नको. लगेच जेवण आहे." जेवणाआधी माणसांना थोपवून धरणं किती कठीण असतं, हे माझ्याइतकं इथे कुणाला ठाऊक नसेल. माझी सगळी नोकरी डायनिंग रूमच्या दारात गेली आहे.

१९९६ साली मी असिस्टंट वेटर म्हणून पहिल्यांदा जहाजावर चढलो. उष्टी ताटं उचलण्यापासून सुरुवात झाली. पुढे वेटर, मग हेड वेटर झालो. शेवटची काही वर्षं तर कोणत्या प्रवाशाला कुठल्या टेबलावर बसवायचं, तेच माझं काम होतं. आपल्या गावात बोटीवरच्या माणसाला पहिला प्रश्न पगाराचा विचारतात आणि दुसरा वादळाचा. माझ्या डोक्याला खरा ताप होता तो टेबलांचा.

विचार करा. दोन हजारांवर माणसं, बहुतेक एकमेकांना अनोळखी, एका लोखंडी गावात दहा-पंधरा दिवस राहायला येतात. बंदर असेल त्या दिवशी ती खाली उतरतात, फिरतात. पण इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनहून कॅरिबियन बेटांकडे निघालं की मध्ये सलग पाच-सहा दिवस नुसतं पाणी. अशा दिवसाला आम्ही 'सी डे' म्हणतो. पहिल्या सी डेला समुद्र बघून होतो. दुसऱ्या दिवशी माणसाला माणूस लागतो. तो मिळाला नाही, तर कितीही चांगलं जेवण द्या, त्याची सहल फुकट गेली.

म्हणून जहाजावर माणसं एकमेकांत मिसळावीत यासाठी एक वेगळं खातंच असतं. क्रूझ डायरेक्टर आणि त्याची मुलं-मुली. रोज रात्री केबिनमध्ये दुसऱ्या दिवसाचा छापील कार्यक्रम ठेवला जायचा. सकाळी नाचाचा वर्ग, अकराला प्रश्नमंजूषा, दुपारी ब्रिज, बिंगो, संध्याकाळी कॅप्टनची पार्टी. कॅप्टन छान कपड्यात उभा असतो, पण बहुतेक वेळा हात मिळवत नाही. एकाच्या हातून दुसऱ्याकडे पोटाचा विकार गेला तर सगळं जहाज आडवं पडेल, ही भीती.

गंमत अशी, की माणसांची पहिली ओळख पार्टीत होतच नाही, कवायतीत होते. संकटाची घंटा वाजली तर कुठे जमायचं, लाइफ जॅकेट कसं घालायचं, याची ती कवायत. आम्ही 'मस्टर ड्रिल' म्हणतो. पूर्वी ती प्रवासी चढल्यापासून २४ तासांच्या आत घेतली तरी चालायचं. १३ जानेवारी २०१२ रोजी 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' इटलीच्या जिल्यो बेटापाशी खडकावर आपटलं आणि ३२ माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या प्रवाशांची कवायत व्हायची राहिली होती. नंतर नियम बदलला. आता जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच ती घ्यावी लागते. तर या कवायतीत कोट्यधीश असो की पेन्शनर, सगळे तेच नारिंगी जॅकेट घालून वेंधळ्यासारखे उभे राहायचे. कुणाचा पट्टा शेजाऱ्याच्या पट्ट्यात अडकायचा. तिथे पहिलं हसू फुटायचं. कोविडनंतर बऱ्याच जहाजांवर प्रवासी सूचना मोबाइलवर बघतात आणि आपल्या जागेवर हजेरी लावून निघून जातात. सोय झाली, पण ते हसू गेलं.

सगळ्यात चालणारा कार्यक्रम म्हणजे प्रश्नमंजूषा. सहा जणांचा संघ. बक्षीस काय, तर पेन नाहीतर किल्लीची साखळी. त्यासाठी निवृत्त न्यायाधीश आणि डॉक्टर हमरीतुमरीवर आलेले मी पाहिले आहेत! पण यात एक शहाणपण आहे. संघात पाच जण असले की ते स्वतःच सहावा शोधतात. कोपऱ्यात एकट्या बसलेल्या माणसाला विचारतात, "तुम्हाला क्रिकेटमधलं काही कळतं का?" म्हणजे त्याच्यावर कुणी दया करत नाही. त्याची गरज असते.

हा फरक मला माझ्या एका चुकीमुळे कळला. ती सांगतो.

एकदा सत्तरीच्या एक इंग्लिश बाई एकट्या आल्या. बुकिंग दोघांचं होतं, वर्षभर आधी केलेलं. तीन महिन्यांपूर्वी नवरा वारला होता. आमच्या यादीत तसाच दोघांचा टेबल राहिला. पहिल्या रात्री वेटरने त्यांच्यादेखत समोरचे काटे-चमचे आणि ग्लास उचलून नेला. मला वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना न विचारताच आठ जणांच्या गोल टेबलावर जागा दिली. वाटलं, गप्पांत मन रमेल. त्या टेबलावर बाकी सगळी जोडपी होती, आणि हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सूप येईपर्यंत कुणीतरी सहज विचारलं, "तुमचे यजमान नाही आले जेवायला?" बाई उठल्या आणि गेल्या. पुढचे दोन दिवस त्यांचं जेवण केबिनमध्ये जात होतं.

तिसऱ्या दिवशी मी माफी मागायला गेलो. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तू मला टेबल दिलास, पण मला विचारलं नाहीस." मग त्यांनीच कार्यक्रमाचा कागद पुढे केला आणि विचारलं, हा विणकामाचा गट कुठे बसतो?

विणकामाचा गट बऱ्याच जहाजांवर असतो. सी डेला सकाळी आठ-दहा बाया, एखाददुसरा पुरुष, सुया-लोकर घेऊन बसतात. तिथे कुणी सूत्रसंचालक नसतो. हात कामात असले की बोललं तरी चालतं, नाही बोललं तरी चालतं. चार दिवसांनी त्या बाई त्या गटातल्या तिघींबरोबर डायनिंग रूमच्या दारात आल्या आणि मला म्हणाल्या, "आता चौघींचा टेबल दे." तो टेबल मी खिडकीजवळचा दिला.

त्यानंतर मी या कार्यक्रमांकडे वेगळ्या नजरेने बघू लागलो. एकट्याने प्रवास करणाऱ्यांसाठी पहिल्या सी डेला कॉफीची बैठक ठेवतात. अशा माणसाला एका केबिनसाठी कित्येकदा जवळपास दोघांचं भाडं भरावं लागतं, म्हणजे पैसे दुप्पट आणि सोबत शून्य. २०१० साली 'नॉर्वेजियन एपिक' या जहाजावर एकट्यांसाठी लहान केबिन काढल्या आणि त्यांना मिळून एक बैठकीची खोली दिली. आणखी काही जहाजांवर नाचासाठी यजमान नेमलेले असतात. वयस्क, सभ्य पुरुष. एकट्या आलेल्या बायकांबरोबर नाचायचं हे त्यांचं काम, आणि नियम असा की एकीबरोबरच सारखं नाचायचं नाही. कुणी बसून राहता कामा नये.

कार्यक्रमाच्या कागदावर एक ओळ मला बरेच दिवस कळत नव्हती: 'बिल डब्ल्यू.चे मित्र, सायंकाळी पाच.' मला वाटलं, कुणीतरी बिल नावाचा प्रवासी पार्टी देतोय. नंतर कळलं, ही दारू सोडलेल्यांची बैठक. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही चळवळ १९३५ साली अमेरिकेत ज्या दोघांनी सुरू केली, त्यांतला एक बिल विल्सन. जहाजावर पावलोपावली बार असतो. तिथे त्या माणसांना तासभर एकमेकांचा आधार मिळावा, आणि इतरांना पत्ताही लागू नये, म्हणून ती आडवळणाची ओळ. जाहीर न करताही माणसाला जागा देता येते, हे मी तिथे पाहिलं.

आता खालच्या मजल्याचंही सांगायला हवं. प्रवाशांना मिसळवणारे आम्ही स्वतः मात्र वेगळे जेवायचो. अधिकाऱ्यांची मेस वेगळी, स्टाफची वेगळी, आमची क्रू मेस वेगळी. पन्नासेक देशांची माणसं, पण दर्जाप्रमाणे तीन दारं. पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा मला आपली 'अ' तुकडी आणि 'ब' तुकडी आठवली.

आणि इथे मी मूळ मुद्द्यावर येतो. सर रागावणार नाहीत अशी आशा आहे.

मी पाचवीपासून तुमच्याच वर्गात होतो. मार्च १९८७ ला दहावीत माझं गणित राहिलं. ऑक्टोबरलाही राहिलं. सुटलं ते मार्च १९८८ ला. म्हणजे मी ८७ च्या बॅचचाही नाही आणि ८८ च्याही नाही. २०१२ साली आपल्या बॅचचा पंचवीस वर्षांचा मेळावा झाला, तेव्हा यादी निकालपत्रकावरून केली होती. त्यात माझं नाव नव्हतं. कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. मी तेव्हा सुट्टीवर गावातच होतो. शाळेच्या मैदानावरच्या लाउडस्पीकरचा आवाज आमच्या पडवीत येत होता. एकेकाचं नाव पुकारत होते आणि टाळ्या पडत होत्या. आई म्हणाली, "अरे जा की, तुझेच मित्र ना?" मी म्हटलं, बोलावणं नाही. दोन हजार माणसांना टेबलावर बसवणारा मी, आणि मला स्वतःहून फाटकातून आत येता आलं नाही.

या वेळी एका मित्राने फोन करून बोलावलं, आणि आलो. मला बरं वाटलं. पण मी एकटाच नव्हतो. सातवीनंतर शाळा सोडून होडीवर गेलेले आपल्यात दोघे होते. आठवीत ज्यांचं शिक्षण थांबवलं त्या मुली होत्या. नववीत नापास होऊन मागे राहिलेले होते. आज इथे ते दिसत नाहीत. त्यातले काही या गावातच आहेत, आणि लाउडस्पीकरचा आवाज त्यांच्याही घरी जातो आहे.

म्हणून माझी एक विनंती आहे. पुढच्या वेळी यादी निकालपत्रकावरून करू नका, पाचवीच्या हजेरीपटावरून करा. आणि त्यांना नुसती पत्रिका पाठवू नका, विचारून काहीतरी काम द्या. कुणाला मांडवाचं, कुणाला माशांचं, कुणाला जुने फोटो गोळा करायचं. सहावा गडी लागतो म्हणून बोलवा.

दुसरी गोष्ट आजच करायची आहे, आणि त्याला संयोजकांची परवानगी आहे. सकाळपासून मी बघतो आहे, जे तेव्हा एका बाकावर बसायचे तेच आजही एकत्र बसले आहेत. मंडपाच्या दारात एक डबा ठेवला आहे, त्यात चिठ्ठ्या आहेत. ज्या आकड्याची चिठ्ठी निघेल त्या टेबलावर जेवायला बसायचं. सर आणि बाई, तुम्हीही चिठ्ठी उचलायची, वेगळा सोफा नाही. ज्यांना आपल्याच माणसाजवळ बसायचं आहे त्यांनी मला हळूच सांगा, मी बदलून देईन. न विचारता कुणाला बसवायचं नाही, हे मी शिकलो आहे.

वाढायला मी उभा आहे. एवढं बोलून थांबतो.