खाडीपलीकडील गांवें
(ज्युबिलीनिमित्त केलेलें भाषण)



भूमध्य समुद्रांतील माल्टा बेटावरील मच्छीमार आपल्या होड्यांच्या नाळेवर डोळे रंगवितात, आणि तेथील शांत गांवें पाहावयास प्रवासी दूरदेशांहून जातात. आम्हांस इतकें दूर जावयास नको. मार्वे धक्क्यावरून तरीनें मनोरीस, अथवा बोरीवलीहून खाडी ओलांडून गोराईस जावें. पुढें उत्तनपर्यंत तेंच दृश्य. वलांडीवर वाळत घातलेले बोंबील, वाटेवरील क्रूस आणि सायंप्रार्थनेची घंटा.

परंतु ही शांतता आयती नव्हे. जून-जुलैंत होड्या किनाऱ्यास ओढलेल्या असतात. मग फादरांचा आशीर्वाद घेऊन त्या समुद्रांत लोटतात. ऑक्टोबरांत आगेऱ्याच्या दिवशीं भाताचीं नवीं कणसें देवळांत अर्पण होतात. ह्या श्रमांतून व श्रद्धेंतूनच ती शांतता उपजते.

१८८७ सालीं आमच्या वाडवडिलांनीं 'ईस्ट इंडियन' हें नांव धारण केलें, तेव्हां अंधेरी, बोरीवली हींही अशींच शेताभाताचीं गांवें होतीं. आज तेथें इमारती उभ्या आहेत, आणि जें आमचें घर होतें तेंच पाहावयास आम्ही पाहुणे होऊन जातों.

म्हणून तेथें सहलीस नव्हे, आप्तांकडे जावें तसें जावें. आमच्या मुलांनीं तेथील एखाद्या आजीशीं आपल्या बोलींत चार शब्द बोलावे. तेवढें त्यांस न साधलें, तर खाडी कितीही अरुंद असो, आम्ही पैलतीरीं पोंचलोंच नाहीं असें समजावें.