चूर्ण कुटण्याआधी



आज आपण त्रिफळा चूर्णाविषयी बोलू. हिरडा, बेहडा आणि आवळा ही तीन फळे म्हणजे त्रिफळा. आपल्या सह्याद्रीच्या रानात ती मिळतात. मग चूर्ण करायला अवघड ते काय? वाळवले, कुटले, झाले! आम्हालाही असेच वाटले होते.

एका थंडीत आम्ही पायलीभर आवळकाठी केली. वरून ती वाळलेली दिसत होती. आम्ही घाईने कुटली आणि बरणी भरली. १५ दिवसांनी झाकण उघडले, तो आत कुबट वास आणि पांढरी बुरशी! सारे उकिरड्यावर गेले. शेजारची आजी म्हणाली, "गुरुजी, ओलं कुटलं की कुजलं!"

तेव्हापासून आम्ही काय करतो, ते ऐका.

आख्ख्या फळाची कीड डोळ्यांना दिसते. चूर्ण झाले की दिसत नाही. म्हणून निवडायचे ते कुटण्याआधी. किडके, बुरसलेले फळ टाकून द्यावे. बिया काढाव्यात. औषधात साल आणि गर घेतात.

शेणाने सारवलेल्या अंगणात फळे वाळत घालू नयेत. शेणातले जंतू औषधात जातात. बाजेवर स्वच्छ धडपे अंथरून वाळवावे. दव पडण्याआधी घरात घ्यावे.

वाळले की नाही, कसे ओळखाल? तुकडा मोडून पाहा. वाकला तर ओला. कडकन मोडला तर वाळला.

मग दगडी उखळात कुटावे. ओलसर आवळ्याला लोखंड लागले की तो काळा पडतो. तिन्ही वेगवेगळी कुटून वस्त्रगाळ करावीत. मग सारख्या वजनाने मिसळावीत. चूर्ण गार झाल्यावरच कोरड्या बरणीत भरावे. गरम भरले तर वाफ धरते, आणि पुन्हा बुरशी!

शेवटचे काम सर्वांत सोपे, पण आपण तेच विसरतो. बरणीवर चिठ्ठी लावा. औषधाचे नाव आणि तारीख लिहा. फवारणीची भुकटीही बरणीत ठेवली, तर अंधारात कोण ओळखणार? घरात जीव जायचा!

औषध म्हणून चूर्ण विकायचे असेल, तर सरकारी परवाना लागतो, हेही ध्यानात ठेवा. आणि दुखणे जुने असेल, तर आधी वैद्यांना विचारा.

मंडळी, काल आपण अंगठा उठवत होतो. आज आपल्याला लिहिता येते. तर पहिली चिठ्ठी आजच लिहा!