मेजावरची आगगाडी



आज मी तुमच्याशी एका खेळाविषयी बोलणार आहे. खेळ म्हटल्याबरोबर कुणी म्हणेल, “हे पोरांसाठी आहे, तोवर आपण गुरांना वैरण घालून येऊ.” थोडं थांबा. हा खेळ पोरांचा आहेच, पण माझ्या अनुभवात तो पोरांपेक्षा म्हाताऱ्यांनीच अधिक मनावर घेतला. आणि शाळेतल्या गुरुजींना व बाईंना तर मी आग्रहानं सांगेन की, पुढची पंधरा मिनिटं कान इकडे ठेवा.

हा खेळ म्हणजे आगगाडीचा देखावा तयार करणं. नुसती गाडी नव्हे. गाडी, रूळ, स्टेशन, सिग्नल, पाण्याची टाकी, फलाटावरचा लिंब आणि लिंबाखाली बसलेला उतारू, हे सारं एका मापात लहान करून मेजावर मांडायचं.

हा नाद जुना आहे. जर्मनीतल्या मेर्क्लिन या खेळणी करणाऱ्या घराण्यानं १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत रुळांसकट किल्लीची आगगाडी मांडली आणि रुळांच्या रुंदीची ठराविक मापं ठरवली. तेव्हापासून एकाचे रूळ दुसऱ्याच्या गाडीला चालू लागले. आपल्याकडे पुण्याला कोथरूड भागात जोशी यांचं छोट्या आगगाड्यांचं संग्रहालय १९९८ पासून आहे. तिथं एक अख्खं गाव मांडलेलं आहे आणि त्यातून गाड्या धावतात. सहल पुण्याला नेणार असाल तर एक तास तिथं जरूर काढा. पण ते पाहून “आपल्याला हे कुठलं जमायला!” असं म्हणून परत येऊ नका. जमतं. पुठ्ठा, खळ, कात्री आणि चिकाटी एवढ्यावर जमतं. कसं ते सांगतो.

आमच्या गावाला पूर्वी छोटी गाडी होती. अशा गाड्या महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी होत्या. बार्शी लाइट रेल्वे त्यांपैकी नावाजलेली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरानं ती उभारली आणि १८९७ साली ती कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली. दोन रुळांमधलं अंतर अवघं अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. मोठ्या मार्गाचं अंतर १६७६ मिलिमीटर असतं. २००० नंतरच्या दहा वर्षांत बार्शीचा मार्गही रुंद झाला. आमच्या गावचंही तेच झालं. गाडी मोठी आली, ही चांगलीच गोष्ट झाली. पण नवा मार्ग गावापासून जरा दूरनं गेला आणि जुनं स्टेशन पडलं. दगड लोकांनी नेले. जोतं तेवढं उरलं.

एकदा मी सातवीच्या वर्गात सहज विचारलं, “आपलं जुनं स्टेशन कुठं होतं?” चाळीस मुलांपैकी तिघांनी हात वर केला, आणि तिघांनी तीन दिशा दाखवल्या. दहा वर्षांपूर्वीची वास्तू आणि मुलांच्या लेखी ती नव्हतीच! त्या दिवाळीच्या सुटीत आम्ही कामाला लागलो.

पहिला प्रश्न मापाचा. नकाशा कुणाकडे नव्हता. मग काय केलं? जोतं टेपनं मोजलं. त्यावरून लांबी-रुंदी मिळाली. उंचीसाठी गावात फोटो शोधले. एका घरी लग्नाचा फोटो निघाला. वऱ्हाड फलाटावर उभं आहे आणि मागं स्टेशनचा दरवाजा आहे. नवरदेव आता साठीचे, पण हयात आहेत. त्यांची उंची मोजली. दरवाजाला लागूनच ते उभे होते, म्हणून दरवाजाची उंची त्यांच्यावरून काढता आली. फोटोतला माणूस हीच आमची पट्टी! दुसऱ्या एका फोटोत विटांची भिंत स्वच्छ दिसत होती. तशाच जुन्या विटा गावातल्या एका वाड्याला होत्या. एका थराची उंची तिथं मोजली, फोटोतले थर मुलांनी मोजले आणि गुणाकार केला. दोन्ही हिशेब बोटभर फरकानं जुळले तेव्हा मुलांना झालेला आनंद मी विसरणार नाही.

आता प्रमाण. आम्ही पन्नासास एक असं प्रमाण घेतलं. ते सोपं पडतं. खरा एक मीटर म्हणजे आपले दोन सेंटिमीटर. पावणेदोन मीटरचा माणूस साडेतीन सेंटिमीटरचा होतो. बारा मीटरचा डबा चोवीस सेंटिमीटरचा होतो. आणि आमच्या छोट्या गाडीचे ७६२ मिलिमीटरचे रूळ सव्वापंधरा मिलिमीटरवर येतात. इथं एक गंमत आहे. दुकानात मिळणाऱ्या छोट्या गाडीचे रूळ बहुधा साडेसोळा मिलिमीटरचे असतात. ते सत्त्याऐंशीस एक या प्रमाणातल्या परदेशी गाडीसाठी केलेले. आमच्या मापाशी ते जेमतेम सव्वा मिलिमीटरनं चुकतात, आणि तो फरक डोळ्याला दिसत नाही. म्हणून आम्ही तसलं एक साधं इंजीन विकत घेतलं, वरचं टरफल काढलं आणि पुठ्ठ्याचं आमचं इंजीन त्यावर बसवलं. एवढीच काय ती विकतची वस्तू, आणि सोबतचे रूळ.

पण सगळंच प्रमाणात करू गेलात तर फसाल. शंभर मीटरचा फलाट दोन मीटर लांब होतो. तेवढी जागा कुणाकडे आहे? तेव्हा नियम असा, की लांबी कापावी, पण उंची आणि दारं-खिडक्या कापू नयेत. आमचा फलाट नव्वद सेंटिमीटरचा आहे, पण ते कुणाच्या ध्यानात येत नाही. दरवाजा मात्र अर्धा सेंटिमीटर बुटका झाला असता तर पहिल्यांदा पाहणाऱ्यानंही “काहीतरी चुकलंय” असं म्हटलं असतं.

चढाचंही तसंच. मुलांना पूल हवा होता. एका गाडीवरून दुसरी गाडी न्यायची तर रूळ निदान आठ सेंटिमीटर उचलावा लागतो. बोरघाटातला कडक चढ सदतीसास एक आहे. म्हणजे सदतीस पावलं चालावं तेव्हा एक पाऊल वर. त्या हिशेबानं आठ सेंटिमीटर चढायला जवळजवळ तीन मीटर रूळ हवा. माथेरानच्या गाडीसारखा विसास एक चढ धरला तरी एक मीटर साठ सेंटिमीटर. आमची फळी सगळी मिळून दोन मीटर चाळीस. मुलांनी हिशेब स्वतः केला आणि पुलाचा हट्ट आपणहून सोडला. गुणोत्तर-प्रमाणाचा धडा मी वर्षानुवर्षं शिकवला, पण तो इतका निमूट कधी पटला नव्हता.

आता आमच्या चुका सांगतो, म्हणजे तुमच्या टळतील. पहिली चूक अशी, की रूळ नीट तपासण्याआधीच आम्ही मालधक्का चिकटवून टाकला. वळणावर डब्याची टोकं बाहेर येतात आणि मधला भाग आत झुकतो, हे आम्ही विसरलो. पहिल्याच फेरीला डब्याचं टोक धक्क्याला अडकलं आणि गाडी आडवी. धक्का करवतीनं कापावा लागला. तेव्हा आधी रूळ, मग सर्वांत लांब डबा सगळीकडून फिरवून पाहणं, आणि मगच बाकीचं. वळणाची त्रिज्या पंचेचाळीस सेंटिमीटरच्या खाली नेऊ नका.

दुसरी चूक खळीची. गव्हाच्या पिठाची खळ आम्ही प्रेमानं शिजवली आणि उंदरांनी ती तितक्याच प्रेमानं खाल्ली. एका रात्रीत स्टेशनमास्तरची खोली गेली! जुने बुकबाइंडर खळीत चिमूटभर मोरचूद घालत. आम्हीही मग तेच केलं. मोरचूद विषारी आहे. ती खळ गुरुजींनी स्वतः करावी, मुलांच्या हाती देऊ नये. आणि देखावा झाकून ठेवावा.

तिसरी गोष्ट विजेची. ही गाडी बारा व्होल्टवर चालते. घरातल्या विजेची तार रुळाला कधीही, चुकूनही जोडू नका. त्यासाठी तयार मिळणारा नियंत्रकच वापरा. एका रुळातून वीज येते, इंजिनातून जाते आणि दुसऱ्या रुळातून परतते. दिशा उलटी केली की गाडी मागं जाते. रूळ फिरवून परत स्वतःलाच जोडला तर डावा रूळ उजव्याला भेटतो आणि वीज खुंटते. हा पेच मुलांनी दोरी मांडून स्वतः शोधून काढला.

बाकी सजावटीला दमडीचा खर्च नाही. ओढ्यातली वाळू चाळली की खडी झाली. वाळवलेला चहाचा चोथा म्हणजे काळी माती. लाकडाचा भुसा हिरव्या रंगात भिजवून वाळवला की गवत. वाळक्या काटक्यांवर हाच भुसा चिकटवला की लिंब. गेरू, चुना आणि काजळी हे आमचे तीन रंग. रुळांच्या कडांना गेरू द्या, इंजिनाच्या शेडच्या आढ्याला काजळी लावा. नव्या कोऱ्या वस्तू खेळण्यासारख्या दिसतात. त्यांवर जरा धूळ बसली की त्या खऱ्या वाटू लागतात.

मग गावाला बोलावलं. माणसं आली आणि भांडणाला सुरुवात झाली. “लिंब इकडे नव्हता.” “टाकीला शिडी होती.” “वजनकाटा दाराच्या डाव्या अंगाला.” मुलं वहीत टिपून घेत होती. जे दोघातिघांनी वेगवेगळं येऊन सारखंच सांगितलं, ते आम्ही बदललं. लिंब दोनदा उपटून लावला!

त्या गर्दीत एक म्हातारे गृहस्थ होते. छोट्या गाडीवर सांधेवाला म्हणून त्यांची नोकरी गेली. ते काही बोलले नाहीत. मुलांनी त्यांना बसायला स्टूल दिलं आणि मोठ्या उत्साहानं गाडी सोडली. तशी म्हाताऱ्यांनी हात आडवा केला. म्हणाले, “गुरुजी, गोळा कुटं हाय? गोळा घेतल्याबिगर गाडी सुटती कशी?”

मुलांना कळेना. मग त्यांनी समजावून सांगितलं, ते मी माझ्या शब्दांत सांगतो. एकेरी मार्गावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून दोन स्टेशनांत दोन यंत्रं असतात. ती तारेनं एकमेकांशी बांधलेली. दोन्हीकडच्या मास्तरांनी मिळून ठरवल्याशिवाय त्यातून लोखंडी गोळा निघत नाही, आणि एक गोळा बाहेर असताना दुसरा निघूच शकत नाही. तो गोळा ड्रायव्हरच्या हाती पडला म्हणजे पुढचा रस्ता त्याचा. नाही पडला तर सिग्नल पडलेला दिसला तरी त्यानं जागचं हलायचं नाही.

एका मुलानं विचारलं, “आजोबा, कधी गोळ्यावाचून गाडी गेली का?”

म्हातारे म्हणाले, “माझ्या पाळीत न्हाई.”

एवढंच बोलले. पण ते ज्या तऱ्हेनं बोलले, त्यावरून मला कळलं की या माणसानं उभ्या आयुष्यात मिळवलं ते हेच. पडलेल्या स्टेशनाबरोबर ते कुणी विचारीनासं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मुलांनी दोन्ही टोकांना खोक्याचं एकेक यंत्र केलं आणि एकच काचेची गोटी ठेवली. गोटी हातात असल्याशिवाय कुणी गाडी सोडायची नाही, असा नियम झाला. आजोबा दर रविवारी यायचे आणि नियम पाळला जातो की नाही हे पाहायचे. दोन वर्षांनी ते गेले. गोटी अजून आहे, नियमही आहे. नव्या मुलांना तो जुनी मुलं शिकवतात.

गुरुजनहो, तुमच्या गावात रेल्वे नसेलही. मग बाजारपेठ असेल, बैलांच्या मोटेची विहीर असेल, जुना घाट असेल, बंद पडलेली जिनिंग असेल. तेच मांडा. माप काढा, फोटो शोधा आणि मग गावातल्या म्हाताऱ्यांना बोलावून “यात चूक काढा” असं म्हणा. पाहा, ते कसे बोलू लागतात! आणि शेतकरी बंधूंनो, गुरुजींनी जुना फोटो मागायला मुलं पाठवली तर पेटी उघडायचा कंटाळा करू नका. हे काम पुढच्या वर्षी करू म्हणून ठेवण्यासारखं नाही. पुठ्ठा पुढच्या वर्षीही मिळेल. सांगणारा माणूस मिळेलच असं नाही.