उजेडाचा उपचार आणि रोजची गोळी

बिडकीन परिसरातल्या बचत गटांच्या वतीने आम्ही बोलतोय.

मागच्या बैठकीत एकीने विचारलं, "भाच्याला त्याच्या आईची किडनी बसवली. आता मोबाईलवर आलंय, उजेडाचा उपचार घेतला की गोळ्या बंद करता येतात. खरं का ताई?" आम्ही माहिती काढली. उपचार खरा आहे. गोळ्या बंद करायचं मात्र खरं नाही.

रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे राखणदार. परकं काही शिरलं की त्या तुटून पडतात. त्यांना आईची किडनीसुद्धा परकीच! म्हणून टॅक्रोलिमससारख्या गोळ्या देऊन राखणदारांना दाबून ठेवतात. बसवलेली किडनी चालते तोवर त्या रोज, ठरल्या वेळी घ्याव्या लागतात. पण दाबलेला राखणदार खऱ्या चोरालाही नीट अडवत नाही, मग जंतुसंसर्ग लवकर होतो. म्हणून डॉक्टरांनी दुसरी वाट शोधली.

तिचं नाव फोटोफेरेसिस. डायलिसिससारखं रक्त नळीतून मशीनमध्ये जातं. तिथे पांढऱ्या पेशींचा भाग वेगळा काढतात, त्यात सोरालेन जातीचं औषध मिसळतात, त्यावर अतिनील किरण सोडतात आणि सगळं परत शिरेत देतात. त्या पेशी हळूहळू मरतात आणि त्यांच्यामुळे बाकीचे राखणदारही थोडे निवळतात.

सोरालेन आपल्याला नवीन नाही. कोडावर बावचीचं बी लावून उन्हात बसवायचे ना, त्या बावचीतही सोरालेन असतं. पण म्हणून किडनीवाल्याला कुणी बावची देऊ नका. अंगावर फोड येतील, किडनी काही वाचणार नाही.

अमेरिकेतल्या डॉ. रिचर्ड एडेलसन यांनी १९८७ साली हा उपचार कातडीच्या एका कॅन्सरवर मांडला. पुढे हृदय बदललेल्या ६० रुग्णांवर अभ्यास झाला, तो १९९८ साली छापून आला. ज्यांना उजेडाचा उपचार मिळाला त्यांच्यात शरीराने हृदय नाकारण्याचे प्रसंग कमी झाले. पण त्यांच्याही गोळ्या चालूच होत्या! किडनीसाठी तर पुरावा अजून कमी आहे. कुणाला हा उपचार द्यायचा ते अवयव बदलणारे डॉक्टरच ठरवतात. गावातल्या दवाखान्यात दिवा लावून तो होत नाही. तसं सांगून कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

२०१६ साली आपल्या शहरातून एका मेंदूमृत तरुणाचं हृदय विमानाने मुंबईला गेलं, तेव्हा सगळे हळहळले, कौतुकही झालं. नंतरच्या गोळ्यांविषयी मात्र कुणी बोलत नाही. आणि घरात पैसा कमी पडला की बाईची गोळी आधी चुकते, हे आम्ही पाहतो.

तेव्हा अवयव बदललेलं कुणी घरात असेल तर आठवड्याच्या गोळ्या शिल्लक असतानाच गटात सांगा, अंतर्गत कर्जाचं बघू. अंगदुखीची गोळी मेडिकलमधून मनाने आणू नका, तिने किडनी बिघडते. ताप आला, लघवी कमी झाली, पायावर सूज आली तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. पुढच्या सोमवारची वाट बघू नका.