कचऱ्याचा ठेका आणि बेगार

(भिवापूर येथे युवकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज कचऱ्यावर बोलणार आहे. नाक दाबू नका. ज्यांच्या आज्यापणज्यांनी गावचं मेलेलं ढोर ओढलं, त्यांच्या नातवांना हा वास नवा नाही.

गुलामगिरी म्हटलं की आपल्या पोट्ट्यांना सिनेमा आठवतो. जहाज, बेड्या, चाबूक. जहाजं मी रोज पाहतो. बेडी आता पायात नसते, कागदावर असते. आणि कागदावर तिला फार गोड नाव असतं. मुंबई इलाख्यात महारकीला काय म्हणत? वतन! गावाची घाण उपसायची, रात्रंदिवस हुकमाचे ताबेदार राहायचं आणि त्याला म्हणायचं हक्क. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बिल आणलं ते याच 'हक्का'च्या विरोधात. वतन जायला १९५८ चा कायदा यावा लागला.

वतन गेलं, गोड नावं ठेवणारे गेले नाहीत. आपल्या नागपूरच्या महापालिकेतला शब्द घ्या : ऐवजदार. म्हणजे दुसऱ्याच्या ऐवजी आलेला. वीस-वीस वर्षं लोकांनी रस्ते झाडले आणि कागदावर ते कुणाच्या तरी ऐवजीच राहिले. कोणाच्या ऐवजी बे? मुंबईत त्याहून हुशारी. तिथे वस्ती झाडणारा 'स्वयंसेवक' आणि त्याला मिळतं ते 'मानधन'. कचऱ्यात हात घालणाऱ्याचा मान बघा! मजूर म्हटलं तर मजुरी द्यावी लागते ना.

लाड-पागे समितीने सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी दिली. पोट भरलं, हे मी नाकारत नाही. पण झाडूचाही सातबारा तयार झाला, हेही बोललं पाहिजे.

मुंबईची केस नीट समजून घ्या, कारण ती आपल्या कामाची आहे. ठेकेदारी मजुरांचा १९७० चा कायदा वीस किंवा जास्त मजूर असले तरच लागू व्हायचा. मग ठेक्याचे तुकडे पाडायचे. प्रत्येक तुकड्यात वीसच्या आत माणसं. ठेकेदार बदलतो, गाडी तीच, मुकादम तोच, कचरा उचलणारे हातही तेच. फक्त सेवा पुन्हा शून्यापासून. कचरा वाहतूक श्रमिक संघाने, मिलिंद रानडे आणि त्यांच्या साथींनी, हे कोर्टात उघडं पाडलं. २०१४ साली औद्योगिक न्यायाधिकरणाने २७०० कामगारांना कायम करा म्हणून निकाल दिला. महापालिका भांडत सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि ७ एप्रिल २०१७ ला तिथेही हरली. त्यानंतरही नावातली अक्षरं जुळत नाहीत म्हणून कित्येकांना ताटकळत ठेवलं. आपली नावं आपण कधी लिहिली? मुकादमाने लिहिली, त्याला जमतील तशी.

आणि सरकारने धडा काय घेतला? महाराष्ट्राने वीसची अट उचलून पन्नासवर नेली. केंद्राच्या नव्या संहितेतही पन्नासच. म्हणजे तुकडे पाडायलाही आता कष्ट नकोत.

तुम्ही म्हणाल, ही पिळवणूक झाली, गुलामगिरी कशी? तर १९८२ साली आशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबवणं ही घटनेच्या कलम २३ खालची बेगारच. भुकेने माणूस कमी पैशात राबायला तयार होतो, ती भूक म्हणजेच जबरदस्ती. उचल देऊन अडकवणं तर १९७६ च्या वेठबिगारी कायद्याने सरळ गुन्हा आहे. मुकादमाकडून पोरीच्या लग्नाला उचल घेतलेला माणूस काम सोडू शकत नसेल, तर त्याचं नाव वेठबिगार. ऐवजदार नव्हे, स्वयंसेवक नव्हे.

गोऱ्यांच्या देशातही हे आहे. इंग्लंडात २०१५ साली कायदा झाला. मोठ्या कंपनीने दरवर्षी छापून सांगायचं, आमच्याकडे आणि आम्हाला माल-माणूस पुरवणाऱ्यांकडे गुलामी राहू नये म्हणून आम्ही काय केलं. छान कागद निघाले. आणि २०१९ साली बर्मिंगहॅमकडच्या कोर्टात उघड झालं, की एका टोळीने पोलंडहून गरीब, बेघर माणसं आणून शेतांवर आणि कचरा निवडायच्या कारखान्यांत राबवली. पोलिसांच्या हिशोबाने चारशेच्या वर. मजुरी बँकेत जमा व्हायची, पण खाती टोळीच्या हातात. म्हणून म्हणतो, 'पगार बँकेत जातो' हे ठेकेदाराचं उत्तर ऐकून गप्प बसू नका. कार्ड कोणाच्या खिशात आहे ते विचारा.

मी गोदीत ठेकेदाराच्या बिल्ल्यावर काम करतो. पण जुने लोक सांगतात, पूर्वी टोळीवाला सकाळी गेटवर बोट दाखवील त्याला काम. १९४८ चा गोदी कामगारांचा कायदा आला, बोर्ड बसलं, नावनोंदणी झाली, काम पाळीने वाटलं गेलं. १९६९ च्या माथाडी कायद्यानेही हेच केलं. मालकाने मजुरी आणि वर लेव्ही बोर्डात भरायची, बोर्ड हमालाला देणार. मधला दलाल कापला. पुण्यात कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या बायांनी १९९३ साली पंचायत बांधली आणि पुढे 'स्वच्छ' ही स्वतःची सहकारी संस्था काढून दारोदारचा कचरा उचलण्याचं काम ठेकेदाराशिवाय घेतलं. त्यांचंही पालिकेशी भांडण संपलेलं नाही, पण मुकादमापुढे हात पसरावा लागत नाही. माझी मागणी साधी आहे. कचऱ्याचं काम बोर्डात आणा. झाडणारी, गाडीवरचा, नाल्यात उतरणारा आणि भांडेवाडीच्या ढिगावर प्लास्टिक वेचून कबाड्याला विकणारी बाई, सगळ्यांची नोंद एका रजिस्टरात. ढिगावरची बाई कुठल्याच ठेक्यात नसते, आणि तिच्याच मालावर पुढचा कारखाना चालतो.

बोर्ड उद्या होणार नाही. तोवर भिवापुरात काय करायचं? घंटागाडीवरच्या माणसाशी बोला. त्याला हजेरीकार्ड आहे का, भविष्य निर्वाह निधीचा नंबर आहे का, हातमोजे कोणाच्या पैशाचे, उचल किती. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी काम देणाऱ्या मूळ मालकावर येते, हे त्याला सांगा. नगरपंचायतीत माहितीचा अर्ज टाका : ठेक्याचा करार, मजुरांची यादी, मागच्या बारा महिन्यांचं वेतनपत्रक. उचलीत अडकलेला माणूस सापडला तर थेट उमरेडला उपविभागीय अधिकाऱ्याकडे लेखी द्या, पोच घ्या. त्या माणसाचं नाव त्याला विचारल्याशिवाय लिहू नका, काम त्याचं जाईल, तुमचं नाही.

अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. नमुना लिहून आणलाय, ज्यांना हवा त्यांनी उतरवून घ्या.