गोलाईच्या गावात प्रतिनिधींचे स्वागत

फुप्फुसांतील पेशींचा आपसातील संवाद आणि त्यांच्याभोवतीचे पेशीबाह्य जाळे, या विषयावरील परिषदेला आलेल्या सर्व प्रतिनिधींचे स्वागत समिती लातूरकरांच्या वतीने मनःपूर्वक स्वागत करते. नांदेडचे पाहुणे तर घरचेच. लातूरच्या महाविद्यालयांचे विद्यापीठ नांदेडला आहे आणि त्याला नाव आहे स्वामी रामानंद तीर्थांचे. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या या सेनानीपुढे दोन्ही जिल्हे सारखेच नतमस्तक होतात.

लातूरला आलेल्याने गंजगोलाई पाहिल्याशिवाय परतू नये. निजामाच्या राजवटीत, १९१७ साली, नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी तिचा आराखडा केला. मधोमध दुमजली गोलाकार इमारत, तिथेच जगदंबेचे मंदिर आणि भोवताली येऊन मिळणारे सोळा रस्ते. सोने, चपला, मिरची, गूळ, एकेका मालाला एकेक ओळ. गाव कितीही पसरले तरी बाजार म्हटले की पाय अजून तिकडेच वळतात. गोलाई सर्वांच्या तोंडी आहे, फैयाजुद्दीन मात्र फार थोड्यांच्या. त्यांचे नाव लातूरच्या प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असायला हवे, असे समितीचे ठाम मत आहे.

गोलाईत कोण कोणाला भेटणार हे रस्त्यांच्या आखणीने ठरते; फुप्फुसातही पेशींची गाठभेट कोलॅजेन आणि इलॅस्टिनच्या जाळ्यावर अवलंबून असते. टीजीएफ-बीटा हे निरोप्या प्रथिन या जाळ्यात निष्क्रिय अवस्थेत बांधलेले असते. जाळे मऊ असेल तर पेशीने ओढल्यावर ते नमते, निरोप सुटत नाही. ताठ असेल तर त्याच ओढीने सुटतो, शेजारच्या फायब्रोब्लास्ट पेशीला पोचतो, ती आणखी कोलॅजेन तयार करते आणि जाळे आणखी ताठते. प्रयोगशाळेतल्या मोजणीत निरोगी फुप्फुसाच्या जाळ्याचा कडकपणा सुमारे २ किलोपास्कल, तर फायब्रोसिस या जाळे ताठरण्याच्या आजारात १६ च्या आसपास आढळला आहे. पिरफेनिडोन आणि निन्टेडॅनिब ही औषधे आजाराचा वेग कमी करतात, झालेली हानी भरून काढत नाहीत.

आता ऋणनिर्देश. डाळ मिलवाल्यांनी भोजनाचा भार उचलला, आडत व्यापाऱ्यांनी मंडपाचा, औषध विक्रेत्यांनी छपाईचा; लातूरच्या कुटुंबांनी पाहुण्यांसाठी घरे उघडली आणि विद्यार्थी स्टेशनवर रात्रभर उभे राहिले. या साऱ्यांचे उपकार समिती विसरणार नाही. उणिवाही आहेत: खोल्या अपुऱ्या, उकाडा फार, पाणी बेताचे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी आली, तेव्हापासून हे गाव थेंबाची किंमत जाणते. पाहुण्यांनी सांभाळून घ्यावे आणि जे कमी पडेल ते स्वयंसेवकांना निःसंकोच सांगावे.

नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील आणि लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेतील डॉक्टरांना समितीची एक विनंती आहे: पुण्या-मुंबईहून आलेल्या पेशी-संशोधकांशी इथेच ओळख करून घ्यावी आणि मराठवाड्यातल्या रुग्णांसाठी एकत्र काम सुरू करावे.