सातवीच्या वर्गातील थकवा



पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही पेनिसिलीन तयार करणारी सरकारी कंपनी स्थापन झाली. पुढे भोसरीपासून चाकण-महाळुंग्यापर्यंतच्या माळावर कारखाने उभे राहिले. कामासाठी मराठवाडा, विदर्भ आणि दूरच्या प्रांतांतून आलेली अनेक कुटुंबे येथे एकेका खोलीत संसार करतात व त्यांची मुले जवळच्या शाळेत दाखल होतात.

अशा शाळेत सहावी-सातवीतील एखादी मुलगी दुपारनंतर पेंगू लागते. कवायतीत तिला धाप लागते, केलेले पाठांतर टिकत नाही. तिच्या नावापुढे 'आळशी' असा शेरा पडतो. पुष्कळ वेळा तो अन्यायाचा असतो.

मुलींची उंची साधारणतः दहाव्या-अकराव्या वर्षी झपाट्याने वाढू लागते. मुलांची त्यानंतर सुमारे दोन वर्षांनी. वाढत्या शरीरास रक्त अधिक लागते आणि रक्तास लोह. मुलीची पाळी सुरू झाली म्हणजे दरमहा लोहाचा व्यय होतो. आहार मात्र पूर्वीचाच राहतो. या वयात हिमोग्लोबिन १०० मिलिलिटर रक्तात १२ ग्रॅमहून कमी भरले, तर त्यास पंडुरोग म्हणतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी निम्म्याहून अधिक पंडुरोगी आढळल्या. त्या उणिवेची सुरुवात पुष्कळदा प्राथमिक शाळेच्या शेवटच्या इयत्तांतच झालेली असते.

यावर उपाय शाळेच्या आवाक्यातला आहे. लोह व फॉलिक ॲसिडची निळी गोळी आठवड्यातून एकदा, उपाशीपोटी न देता शालेय भोजनानंतर, शिक्षकांच्या समोर घ्यावयाची असते. गोळीने क्वचित मळमळते, शौचास काळसर होते; यात भय नाही, हे आधीच सांगितले तर गोळ्या दप्तरात दडवल्या जात नाहीत. जंतांचे औषधही ठरल्या दिवशी द्यावे. घरी बाजरी, मोडाची मटकी, पालेभाजी, तीळ, अळीव हे पदार्थ असावेत. सोबत लिंबू, आवळा किंवा पेरू असल्यास लोह अंगी लागते. जेवणाबरोबर घेतलेला चहा मात्र त्यास अडथळा करतो. ही गोष्ट पालकसभेत अवश्य सांगावी.

थकव्याचे दुसरे कारण झोप. या वयास आठ ते दहा तासांची झोप हवी. परंतु एका खोलीत वडील तिसऱ्या पाळीस निघतात, तेव्हा दिवा लागतो आणि मूल जागे होते. त्यात मोबाइलची भर पडते. पेंगणाऱ्या मुलास छडीपेक्षा एका प्रश्नाची गरज असते : "रात्री किती वाजता झोपलास?"

शरीरातील बदलांविषयी मौन बाळगणे हेही अपायकारकच. पाळीची माहिती मुलीस ती सुरू होण्यापूर्वी मिळावी. शाळेतील स्वच्छतागृहास पाणी व आतून कडी असावी. एवढ्या गोष्टीच्या अभावी मुलगी महिन्याला तीन-चार दिवस घरी राहते, अभ्यासात मागे पडते आणि पुढे शाळाच सोडण्याचा संभव निर्माण होतो. मुलांचा आवाज फुटतो, चेहऱ्यावर मुरुमे येतात, काहींची छाती काही काळ किंचित दुखरी होऊन फुगते. हे बहुधा आपोआप ओसरते. त्यांची थट्टा होऊ देऊ नये.

मात्र नखे व पापण्यांची आतली बाजू फिकी दिसणे, थोड्या श्रमाने धाप लागणे, वजन घटणे, किंवा पंधरावे वर्ष सरूनही पाळी न येणे, यांपैकी काहीही आढळल्यास पालकांना विश्वासात घेऊन मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. शाळेची आरोग्य तपासणी येईपर्यंत वाट पाहू नये.

येत्या घटक चाचणीनंतर प्रगतिपत्रके भरताना ज्या मुलांपुढे 'लक्ष देत नाही' असे लिहावेसे वाटेल, त्यांची नावे प्रथम वेगळ्या कागदावर उतरवावीत आणि त्यांच्या आहाराची, झोपेची व प्रकृतीची चौकशी करावी. शेरा त्यानंतर लिहावा.